गाडी नव्हे, रस्ता उचला



आम्ही चौघांनी मिळून एक जुनी पिकअप घेतली. मागच्या दोन चाकांनाच इंजिनाचा जोर असणारी, साधी. घेण्यामागचा विचार सरळ होता. कापूस वेचून घरात गंजी लागली की दारात खेडा खरेदीवाला येतो आणि पहिल्या वाक्यातच सांगतो, "तुमच्या गावात गाडी आणणं परवडत नाही, भाव तेवढा कमी." आपली गाडी असली तर आपण जिनिंगच्या काट्यावर जाऊ, चार ठिकाणी भाव विचारू, पटेल तिथे माल टाकू. बाजार आपल्या दारात येत नसेल तर आपण बाजारात जायचे. संघटनेत इतकी वर्षे हेच शिकलो.

पहिल्याच परतीच्या पावसात गाडी पांदणीत रुतली. ट्रॅक्टर लावून ओढून काढली. पुन्हा रुतली, पुन्हा काढली. तिसऱ्या खेपेला कोणीतरी सल्ला दिला, "गाडी उचलून घ्या. शहरात पोरं जीपगाड्या उचलून घेतात, तिचा काय रुबाब असतो!" आम्हालाही पटले. गाडी उंच झाली की चिखल खाली राहील, इतका साधा हिशेब. तालुक्याच्या एका मिस्त्रीकडे गाडी नेली. त्याने मागच्या पाट्यांत दोन जादा पाने घातली, पाटे आणि एक्सल यांच्यामध्ये लोखंडी ठोकळे बसवले, लांब यू-बोल्ट आवळले आणि पुढचा टॉर्शन बार पिळून पुढचा भागही वर घेतला. गाडी चार इंच उंच झाली. गावात आणली तेव्हा पोरे भोवती जमली. आम्हीही छाती काढून उभे राहिलो.

या गाडीने आम्हाला जो धडा शिकवला तो सांगण्यासाठी हा लेख आहे. आता अनेक गावांत हीच टूम निघाली आहे. आपल्यातल्या कुणी पैसे घालण्याआधी आमचा अनुभव वाचावा, एवढीच विनंती.

रोग रेड्याला, औषध पखालीला

पहिली गोष्ट मिस्त्रीने सांगितली नाही आणि आम्ही विचारली नाही. पाटे उचलले की काय उचलले जाते? चेसिस उचलली जाते, केबिन उचलली जाते, मागचा हौदा उचलला जातो. एक्सल जिथे होता तिथेच राहतो. मागच्या दोन चाकांच्या मध्ये जो लोखंडी गोल डबा दिसतो, डिफरन्शियलचा, तो एक्सलवरच असतो. तोही तसूभर वर जात नाही. आणि पांदणीत गाडी अडते ती नेमकी त्याच डब्यावर. बंड्यांनी आणि ट्रॅक्टरांनी पाडलेल्या खोल चाकोरीत चाके उतरतात, मधला मातीचा उंचवटा डब्याला टेकतो आणि गाडी पोटावर बसते. हा डबा उंच करायचा तर मोठे टायर हवेत. टायरचा व्यास दोन इंचांनी वाढला तर डबा एकच इंच वर जातो. म्हणजे आम्ही पैसे घालून छप्पर उंच केले, आणि पाणी शिरत होते उंबऱ्यातून.

दुसरी गोष्ट पकडीची. आपल्या साध्या पिकअपचे डिफरन्शियल मोकळे असते. एक चाक चिखलात गेले की ते गरगर फिरते आणि कोरड्यावरचे दुसरे चाक नुसते उभे राहते. जोर सगळा घसरणाऱ्या चाकाकडे वाया जातो. ट्रॅक्टर चालवणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको. ट्रॅक्टरला डिफरन्शियल लॉक असते. पायाने दाबले की दोन्ही चाके एकदम फिरतात आणि ट्रॅक्टर बाहेर येतो. पिकअपला ती सोय बहुधा नसते. गाडी चार इंच उचला की चाळीस इंच, घसरणारे चाक घसरतच राहणार. शिवाय रिकाम्या पिकअपचे वजन पुढे, इंजिनाकडे असते आणि जोर मात्र मागच्या चाकांना. म्हणून रिकामी गाडी भरलेल्या गाडीपेक्षा लवकर अडकते. उंची वाढवून यातले काही बदलत नाही.

गाडी उचलण्याची ही हौस अमेरिकेत जुनी आहे. तिकडे कोरड्या वाळवंटात, दगडधोंड्यांत गाडी घालायची असते. पोटाला दगड लागू नये म्हणून उंची आणि चाकाला वर-खाली व्हायला जागा. तिथे तिचा उपयोग असेल. आपली अडचण दगडाची नाही, काळ्या मातीची आहे. ही माती पाणी प्यायली की फुगते, लोण्यासारखी होते, भार पेलण्याची तिची ताकद निघून जाते. वाळली की भेगा पडतात. त्याच गुणावर कपाशी आणि ज्वारी पावसाविना तग धरतात, म्हणून त्या मातीला दोष देता येत नाही. पण तिच्यावर चाक चालवायचे तर औषध त्या मातीला हवे. आम्ही ते गाडीला पाजले.

उंचीची किंमत

आता या चार इंचांची किंमत काय पडली ते सांगतो.

जादा पाने घातल्यावर पाटे कडक झाले. रिकामी गाडी दगडासारखी आदळू लागली. शॉकअप पूर्वीच्याच लांबीचे, ते ताणले जाऊन गळू लागले. जॉइंट शाफ्टचा कोन बदलला, क्रॉस वाजू लागला आणि एका हंगामात दोनदा बदलावा लागला. पुढचे टायर एका कडेने घासून गेले. मागच्या ब्रेकचा होज पाइप ताणून बसला होता, तो फाटण्याआधी लक्षात आला हे नशीब. काही गाड्यांत मागच्या ब्रेकचा दाब भारानुसार कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह असतो. चेसिस आणि एक्सल यांच्यातले अंतर पाहून तो भार ओळखतो. गाडी उचलली की हे अंतर वाढते. गाडी रिकामी आहे असे समजून तो मागचा ब्रेक कमी लावतो. वर मात्र माल भरलेला असतो! हे आम्हाला दुसऱ्या एका जाणत्या मिस्त्रीने नंतर दाखवले.

पैशाचे म्हणाल तर, समजा असल्या कामाला २० हजार रुपये लागले. लांब धाग्याच्या कापसाचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. म्हणजे अडीच क्विंटल कापूस, तोही हमीभाव हातात पडला तर. कोरडवाहूत अर्ध्या एकराचे पीक त्या ठोकळ्यांखाली गेले. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

पण खरी किंमत पैशात नव्हती.

वेचणीच्या दिवसांत आपल्याकडे काय होते ते आपण सगळे जाणतो. गावात वेचायला बाया मिळत नाहीत, म्हणून शेजारच्या गावाहून गाडीत बसवून आणतात. माल वाहण्याच्या गाडीत माणसे बसवणे कायद्याला मंजूर नाही, हे ठाऊक असूनही आणतात. आम्हीही आणत होतो. एका संध्याकाळी मागे अठरा बाया उभ्या होत्या, त्यांच्यासोबत कापसाची दोन गाठोडी. नाल्याच्या उतारावर चाक चाकोरीतून निसटून धुऱ्यावर चढले आणि गाडी कलली. ती पूर्ण उलटली नाही, कारण बाजूला बाभूळ होती. गाडी बाभळीला टेकून थांबली. एका बाईचा मनगटाचा हाड मोडला. दवाखान्याचा खर्च आम्ही दिला, बुडालेल्या वेचणीची मजुरीही दिली. पण हात तिचा मोडला होता, आमचा नाही. त्या बाभळीच्या जागी नुसता नाला असता तर हा लेख लिहायला आम्हाला तोंड राहिले नसते.

गाडी का कलली, याचा हिशेब कुणीही मांडू शकतो. समजा दोन चाकांमधले अंतर १४० सेंटिमीटर आहे आणि रिकाम्या गाडीचा भारबिंदू जमिनीपासून ९० सेंटिमीटरवर आहे. अशी गाडी सुमारे ३८ अंश कलली की पडेल. तीच १० सेंटिमीटर उचलली तर ३५ अंशांतच पडेल. वर माणसे उभी राहिली किंवा कडब्याचा उंच बोजा रचला आणि भारबिंदू १२० सेंटिमीटरवर गेला, तर पडण्याची हद्द ३० अंशांवर येते. उचललेल्या गाडीत ती २८ वर येते. हा झाला कागदावरचा हिशेब. प्रत्यक्षात एका बाजूचे पाटे दबतात, बोजा सरकतो, माणसे एका बाजूला झुकतात, आणि गाडी त्याच्या कितीतरी आधी जाते. कापूस आणि कडबा वजनाने हलके, पण आकाराने अवाढव्य. आपला माल नेहमी उंचच रचला जातो. तेव्हा उंच गाडी ही सगळ्यांत जास्त धोक्याची आपल्याच कामाला आहे.

कायद्याचे दुसरे टोक

इतके झाल्यावर आम्ही कायदा पाहिला. खरे तर आधी पाहायला हवा होता. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने गाडी जशी बनवली आणि नोंदणीच्या कागदावर तिचे जे तपशील आहेत, त्यांत फरक पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठणकावून सांगितले. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली आणि बिनपरवाना बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. पाट्यांत जादा पान घालून क्षमतेपेक्षा अधिक माल भरला तर त्याचा दंड वेगळा. तो २० हजारांपासून सुरू होतो आणि जादा टनामागे २ हजार वाढतो. अपघात झाला तर विमा कंपनी पहिला प्रश्न याच बदलाचा काढणार.

संघटनेतल्या काही मित्रांना याचा राग येईल. आमच्या पैशाची गाडी, आमचे पाटे, सरकार कोण विचारणारे? लायसन्स-परमिटच्या राज्याविरुद्ध आपण आयुष्य घातले, त्यामुळे हा राग आम्हालाही समजतो. परंतु स्वातंत्र्य म्हणजे आपला धोका आपण पत्करण्याचा हक्क. मागे उभ्या असलेल्या अठरा बायांचा धोका परस्पर पत्करण्याचा हक्क आम्हाला कुणी दिला होता? त्यांना कुणी विचारले होते? ही चूक आमची होती आणि ती कबूल करायला आम्हाला लाज वाटत नाही.

लाज दुसऱ्या कुणाला तरी वाटायला हवी. गाडीचा पाटा चार इंच वर गेला तर मोजायला सरकारकडे कायदा आहे, दंडाचा दर आहे, नाक्यावर माणूस आहे. पांदण चार फूट खाली गेली ती मोजायला कोण आहे? गाडी घेताना आम्ही कर भरला, डिझेलच्या प्रत्येक लिटरमागे भरतो. त्या बदल्यात शेताच्या तोंडापर्यंत आम्हाला काय मिळाले? रस्ता करायचा खर्च ज्याने करायचा त्याने केला नाही. तोच खर्च आम्ही पाट्यांत, क्रॉसमध्ये, टायरमध्ये, ट्रॅक्टरच्या ओढणावळीत आणि एका बाईच्या मनगटात भरला. खेडा खरेदीवाला भाव पाडतो तोही याच खात्यातला खर्च. समजा क्विंटलमागे २०० रुपये कमी मिळाले आणि घरात १५ क्विंटल कापूस असला, तर ३ हजार रुपयांची पट्टी दर साल भरली. पावती मात्र कुठेच नाही.

रस्त्याची लढाई नवी नाही

आपल्यातल्या तरुणांना कदाचित ठाऊक नसेल. १९८० च्या सुरुवातीला, कांद्याचे आंदोलन पेटत होते त्या काळात, शरद जोशींनी पुणे जिल्ह्यातल्या वांद्रे गावापासून चाकणपर्यंत ६४ किलोमीटरची पदयात्रा काढली ती रस्त्यासाठी. भामनेर खोऱ्यातल्या शेतकऱ्यांना बाजाराला जायला धड वाट नव्हती. रास्त भावाच्या आणि रस्त्याच्या मागणीत तेव्हाच्या कार्यकर्त्यांनी फरक केला नाही. ज्या मालाला वाट नाही त्याला भाव नाही, हे त्यांना उमगले होते.

त्यानंतर रस्ते झालेच नाहीत असे आम्ही म्हणणार नाही. २५ डिसेंबर २००० रोजी प्रधानमंत्री ग्रामसडक योजना सुरू झाली आणि पुष्कळ गावांपर्यंत डांबर आले. पण डांबर गावाच्या वेशीशी थांबते. शेती वेशीच्या पलीकडे आहे. २०२१ साली राज्य सरकारने मातोश्रींच्या नावाने शेत आणि पाणंद रस्त्यांची योजना काढली. २०२५ साली महसूल खात्याने शेतरस्ता तीन ते चार मीटर रुंद असावा आणि त्याची नोंद सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात व्हावी असा निर्णय काढला. कागद आहेत. आपल्या पांदणीत मात्र अजून चिखल आहे, कारण कागद आपल्या पायाने पांदणीपर्यंत चालत येत नाही. त्याला कुणीतरी हाताला धरून आणावे लागते.

आणि इथे एक कडू गोष्ट बोलायलाच हवी. जुन्या गावनकाशात जी पांदण दोन बंड्या शेजारून जातील एवढी रुंद दिसते, ती आज एका बंडीलाही पुरत नाही. ती कुणी खाल्ली? इंडियातल्या कुणी येऊन खाल्ली नाही. दर वखरणीला एक-एक तास सरकवत दोन्ही धुऱ्यांवरच्या आम्हीच ती खाल्ली. बाजूच्या नाल्या आम्हीच बुजवल्या आणि शेतातले पाणी पांदणीत सोडले. सरकारला जाब विचारायला जाण्याआधी आपापल्या धुऱ्यावर उभे राहून हा जाब स्वतःला विचारावा लागेल.

काय करायचे

रस्त्याचा खरा वैरी पाणी. म्हणून काळ्या मातीतल्या रस्त्याची रीत ठरलेली आहे. आधी दोन्ही बाजूंना नाल्या खोदायच्या. त्यांतून निघालेली माती मध्ये टाकून रस्ता शेताच्या पातळीहून वर घ्यायचा आणि त्याला कासवाच्या पाठीसारखा ढाळ द्यायचा, म्हणजे पाणी मध्ये थांबत नाही. माती ओलसर असताना रोलरने दाबायची. मग वरून मुरूम, तोही दाबून. ओहोळ असेल तिथे पाइप. चुना मिसळून काळी माती बांधण्याची पद्धतही रस्त्याच्या इंजिनियरांना माहीत आहे. नाल्या न काढता नुसता मुरूम ओतला तर एका पावसाळ्यात तो मातीच्या पोटात जातो आणि बिल तेवढे राहते. असली कामे आपल्या डोळ्यांदेखत झाली आहेत. उचलायचे तर हे उचला. आम्ही चार इंच गाडी उचलली, तिच्यावर चौघेच बसू शकतो. रस्ता एक फूट उचलला तर त्यावरून बंडी जाईल, ट्रॅक्टर जाईल, शाळेची पोर जाईल आणि अडलेली बाळंतीण वेळेत दवाखान्यात पोचेल.

जिल्हा मेळाव्यापुढे आम्ही तीन गोष्टी ठेवतो.

पहिली, प्रत्येक गावशाखेने गावनकाशा काढून आणावा आणि पांदणींची यादी करावी. कुठे किती अडली, कुणाच्या धुऱ्याने, ते लिहावे. त्यात आपल्या पदाधिकाऱ्याचे नाव आले तरी लिहावे. पहिला धुरा त्यानेच मागे घ्यावा.

दुसरी, समजुतीने सुटत नसेल तिथे तहसीलदाराकडे अर्ज करावा. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली वहिवाटीच्या वाटेतला अडथळा दूर करण्याचा त्यांना अधिकार आहे. अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांत अर्ज करावा लागतो, हे ध्यानात ठेवा. ज्याच्या शेताला वाटच नाही त्याने महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४३ खाली बांधावरून वाट मागावी. या कायद्यांना वकील लागतोच असे नाही. जिद्द मात्र लागते.

तिसरी, पांदण मोकळी झाली की कामाचा आग्रह धरावा आणि पहिली मागणी नाल्यांची असावी. मुरूम नंतर. काम चालू असताना गावातली चार माणसे तिथे उभी असावीत.

तोवर ज्यांच्याकडे पिकअप आहे त्यांनी गाडीवर पैसे घालू नयेत. मोठा पाऊस झाला की दोन-तीन दिवस काळ्या वाटेत गाडी घालू नये. खोल नक्षीचे टायर वापरावेत. चिखलाच्या तुकड्यापुरती मागच्या चाकांची हवा थोडी कमी केली तर टायर पसरतो आणि पकड वाढते, पण डांबरावर येण्याआधी ती भरलीच पाहिजे. रिकाम्या गाडीत मागच्या एक्सलवर दोन-चार पोती वजन ठेवावे, दोन फळ्या आणि एक दोर सोबत असू द्यावा. आणि वेचणीच्या बाया मालाच्या गाडीत उभ्या करून आणणे थांबवावे. प्रवासी वाहन करावे, खर्च वेचणीत धरावा. घामाचे दाम मागणाऱ्या चळवळीने दुसऱ्याच्या घामाची किंमत आधी मोजायला हवी.

आम्ही आमच्या गाडीचे ठोकळे काढून टाकले आहेत. जादा पाने काढली, टॉर्शन बार पूर्वीसारखा केला. गाडी पुन्हा ठेंगणी झाली आहे, पोरे आता तिच्याभोवती जमत नाहीत. ठोकळे मात्र जपून ठेवले आहेत. तहसील कचेरीवर जाऊ तेव्हा अर्जासोबत ते साहेबांच्या टेबलावर ठेवणार आहोत आणि सांगणार आहोत, "साहेब, हा तुमचा रस्ता. इतके दिवस आम्ही तो गाडीखाली घेऊन फिरत होतो. आता तो जिथला आहे तिथे बसवा."

ज्यांच्या गाडीखाली असे ठोकळे असतील त्यांनीही ते घेऊन यावे.